शिल्लक भिंतींचा हिशेब

कीड काढून झाली, की चांदी भरायची की सिमेंट, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. परंतु दाताच्या किती भिंती शिल्लक राहिल्या आणि त्या किती जाड आहेत, याचा हिशेब झाल्यावाचून त्याचे उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटते.

चांदीच्या भरणीत वजनाने निम्म्याच्या आसपास पारा आणि बाकी मुख्यतः रुपे, कथील व तांबे असते. हे मिश्रण दाताला चिकटत नसल्यामुळे ते अडकून राहावे म्हणून पोकळी तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद कोरावी लागे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी घालून दिलेल्या दस्तुराप्रमाणे, पुढे कीड लागू नये एवढ्यासाठी शेजारच्या निरोगी खाचाही त्या कोरणीत सामील कराव्या लागत. ब्लॅक यांची शिस्त थोर खरी. पण तिच्यापायी किती धडधाकट दंतद्रव्य खर्ची पडले, हे आठवले की मन खिन्न होते.

१९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी, फॉस्फरिक आम्लाने इनॅमल खरबरीत केल्यास त्यावर ॲक्रिलिक राळ घट्ट धरते, हे दाखविले, आणि पुढे कॉम्पोझिट आल्यावर कीड जेवढी तेवढीच पोकळी पुरेशी झाली. मात्र हे द्रव्य निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना किंचित आकसते आणि लाळेचा थेंबही त्याला खपत नाही. म्हणून दात रबरी पडद्याने अलग करून, सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी, ते सावकाश भरावे लागते. हिरडीलगत ओल पुरती आवरत नसेल, तर मी ग्लास आयोनोमर पसंत करतो. ते दाताला रासायनिक रीतीने धरते व फ्लोराइडही सोडते, परंतु चर्वणाचा मोठा भार त्याला सोसवत नाही.

नस जिवंत असून तिच्या अगदी समीप मऊ थर उरला असेल, तर तो खरवडून नस उघडी पाडण्यापेक्षा, कडा निर्दोष करून वर घट्ट भरणी करणे आज शास्त्रसंमत आहे. कीड आत ठेवली, या कल्पनेने रुग्ण अस्वस्थ होतो, आणि त्याला ते शांतपणे समजावून देणे हा मी उपचाराचाच भाग मानतो.

दाढेची टोके पातळ उरली, तर भरणी कितीही सुबक असली तरी एखाद्या सुपारीच्या खांडाने ती फुटू शकतात. अशा वेळी सरसकट कॅप घालण्याचा प्रघात मला रुचत नाही, कारण कॅपसाठी चहूबाजूंनी इनॅमल उतरवावे लागते. तीच टोके झाकणारे ओनले बाहेर घडवून चिकटविले, तर पुष्कळदा गालाकडची सशक्त भिंत वाचते. त्याला खर्च अधिक येतो आणि खेपाही वाढतात, म्हणून सारी तजवीज रुग्णापुढे आधी मांडून, त्याची मंजुरी मिळेपर्यंत मी तात्पुरते सिमेंट घालून थांबतो.