बसून गंजलेले ब्रेक

विजेवरची गाडी घेताना प्रत्येकाने एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: हिचे ब्रेक झिजत नाहीत. ते खरंच आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनित्राचं काम करते, गाडीचा वेग कमी करत बॅटरीत वीज भरते आणि पॅड डिस्कला टेकायची वेळ फारशी येत नाही. कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरतानाही माझा पाय ब्रेकवर क्वचितच जायचा. त्यामुळे पावसाळा संपता संपता ब्रेकचं पेडल पायाखाली ठोके देऊ लागलं, तेव्हा नवल वाटलं. जे वापरलंच नाही ते बिघडलं कसं?

पहिला संशय एबीएसवर होता. पण एबीएस जागा होतो तो करकचून ब्रेक दाबल्यावर किंवा निसरड्या रस्त्यावर, आणि त्याची थरथर जलद, खरखरीत असते. माझ्या पेडलचे ठोके कोरड्या रस्त्यावर हलक्या दाबालाही यायचे आणि वेग उतरला की मंदावायचे. चाकाचा घेर साधारण दोन मीटर. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला आठेक फेरे घेतं, २० ला तीनेक. ठोके त्याच हिशेबाने पडत होते. दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता.

पुढची परीक्षा विजेच्या गाडीतच करता येते. रिकाम्या, सपाट रस्त्यावर रीजेन, म्हणजे मोटरने वेग कमी करत वीज भरणं, सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलं आणि पेडलला पाय न लावता वेग कमी होऊ दिला. गाडी लोण्यासारखी मंदावली. टायर, बॅलन्सिंग, बेअरिंग यांच्यावरचा संशय जवळजवळ फिटला. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, म्हणजे मोटर बाजूला झाली, आणि फक्त ब्रेक दाबला. ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट आले, स्टिअरिंगही थरथरलं. स्टिअरिंग थरथरतंय म्हणजे दोष बहुधा पुढच्या डिस्कचा.

सर्व्हिस सेंटरमध्ये चाक न खोलताच निदान झालं: “डिस्क वाकल्यात. दोन्ही बदला, पॅडही बदला.” किती वाकल्यात, असं विचारलं. त्याला उत्तर नव्हतं. मी गाडी खेर्डीतल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रींकडे डायल गेज आहे आणि ते कपाटात पडून नसतं, हे मला माहीत होतं. “विजेच्या गाडीचं काम कराल ना?” मी विचारलं. ते म्हणाले, “काका, हिला इंजिन नाही, पण चाकं तर आहेत ना? फक्त हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही आणि जॅक बॅटरीखाली लावायचा नाही.”

चाक काढलं, कॅलिपर तारेने टांगून ठेवला म्हणजे होजवर भार येणार नाही. मग चाकाचेच नट वॉशर घालून डिस्कवर आवळले, कारण मोकळ्या डिस्कचं माप खोटं येतं. गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून थोडं आत टेकवलं आणि हब हाताने सावकाश फिरवला. उजवीकडे काटा ०.०३ मिलिमीटर हलला. डावीकडे ०.११. बहुतेक गाड्यांत ०.०५ च्या आसपास मर्यादा धरतात. मायक्रोमीटरने डावीकडच्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली, तर तिच्यातही ०.०३ चा फरक निघाला.

“डिस्क सहसा वाकत नाही,” मिस्त्री म्हणाले, “ती तिरकी बसते.” हातोडीने ठोकून डिस्क सुटली, तेव्हा हबच्या तोंडावर गंजाची खपली दिसली. तिथली केसाएवढी खपली डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होते. मग दर फेऱ्याला डिस्कची एक जागा पॅडला घासत राहते, ब्रेक न दाबतासुद्धा, आणि तिथली जाडी हळूहळू कमी होते. पेडलला जाणवतो तो हा जाडीतला फरक. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे रेटला जातो, तेल मागे सरकतं आणि पाय उचलला जातो.

त्यात कोकणातला पाऊस. बिडाच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर चढतो. पेट्रोलच्या गाडीत तो नाक्यापर्यंत जाईतो पॅड पुसून काढतात. माझ्या गाडीत पुसणारं कोणी नव्हतं. घरी गाडी उभी असायची तिथे डाव्या बाजूला कौलांच्या पागोळ्या पडतात. डिस्कवर पॅडच्या आकाराचा ठसाच उमटला होता. कॅलिपरची एक पिनही रबर फाटून पाणी गेल्याने अडकली होती.

हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने स्वच्छ केल्यावर डावीकडचा काटा ०.०३ वर आला. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा बरंच मटेरिअल शिल्लक होतं, म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क लेथवर हलक्या कापून घेतल्या. पिनला ब्रेकचं ग्रीस आणि नवं रबर, शिवाय नवे पॅड. चाकाचे नट गनने न आवळता टॉर्क पान्याने, समोरासमोरचे आलटून पालटून, ठरल्या मापाला आवळले. कमी-जास्त आवळलेला नटही डिस्क तिरकी करू शकतो.

शेवटी पॅड बसवून घेणं. रीजेन शून्यावर ठेवून ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे डिस्क गार होऊ द्यायची. पेडल आता स्थिर आहे. सगळं बिल दोन नव्या डिस्कच्या किमतीपेक्षाही कमी आलं.

आता गाडी पागोळ्यांपासून दूर लावतो. पावसाळ्यात बाहेर पडलो की मागे कोणी नसेल तिथे रीजेन शून्यावर आणून थोडे कडक ब्रेक मारतो. तेवढ्यात गंज पुसला जातो आणि वीज वाया जाते ती नगण्य. शेजारी बसलेली बायको विचारते, हे झटके कशाला? तिला सांगतो, ब्रेक झिजत नाहीत म्हणून गाडी घेतली, आता ते गंजू नयेत म्हणून मुद्दाम झिजवतोय.