रंगशिळा आणि कनात

जिंतूर तालुक्यातील आमच्या चारठाणा गावी जी प्राचीन देवालये काळाच्या आणि माणसांच्या हातून बचावून आजही उभी आहेत, आणि जो उंच कोरीव पाषाणस्तंभ शतकांचे ऊनपाऊस अंगावर झेलीत आहे, त्यांच्या दर्शनाला येणारा परगावचा मनुष्य बहुधा शिल्पाची कुसर न्याहाळतो, शिळेवर शिळा कशी बसविली असेल याचे नवल करतो आणि हात जोडून परततो. मला मात्र या देवळांच्या सान्निध्यात दगडाहूनही अधिक स्मरण होते ते येथून नाहीशा झालेल्या पावलांचे. यादवकालीन देवालयांच्या सभामंडपात मधल्या चार खांबांच्या चौकात किंचित उंच अशी एक शिळा बसविण्याचा प्रघात होता. तिला रंगशिळा म्हणत. गाभाऱ्यातील देवाची दृष्टी जेथे सरळ पोहोचते तेथेच नर्तकीचे पाऊल पडावे, आणि पूजेच्या उपचारांत धूपदीपाइतकेच नृत्यगीतालाही स्थान असावे, ही त्यामागील योजना होती. ज्या समाजाने नृत्याला देवापुढची जागा दिली, त्याच समाजाने पुढे नर्तकीला गावाच्या वेशीबाहेर का उभे केले, हा प्रश्न मला दीर्घकाळ छळीत आला आहे.

राज्ये आली आणि गेली. यादवांची सत्ता लयाला गेली, निरनिराळ्या शाह्यांच्या अमदानी झाल्या, आणि अखेर हा आमचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या आसफजाही रियासतीत राहिला. देवळांतील रंगशिळा मुक्या झाल्या. परंतु ज्या भूमीत ताल मुरलेला असतो ती भूमी स्वस्थ बसत नाही. सुगी आटोपली, जोंधळ्याची कणसे खळ्यावर आली आणि चैत्राच्या जत्रांचे दिवस जवळ आले, म्हणजे गावकुसाबाहेरच्या उघड्या शेतात कनात उभी राहू लागली. राहुट्या ठोकल्या गेल्या, ढोलकीवर थाप पडली, हलगी कडाडली, तुणतुण्याने सूर धरला, आणि गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमाने सारी रात्र उजळून निघू लागली. दिवसभर काळ्या मातीशी झगडलेला कुणबी तेथे पहाटेपर्यंत बसे आणि घरी परतताना वर्षभर पुरेल एवढे हसू व एखादा जिव्हारी लागलेला सूर घेऊन येई. आमच्या खेड्यापाड्यांतील माणसाला रंगभूमी ठाऊक झाली ती प्रथम या कनातीतच.

या कनातीत स्त्री फार उशिरा आली. दीर्घकाळ तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करी. पवळाबाई हिवरगावकर या फडावर उभ्या राहिल्या आणि शाहीर पठ्ठे बापूरावांच्या लावणीला त्यांनी आपला कंठ दिला, तेव्हा तमाशाचे स्वरूपच पालटले. बापूराव जन्माने ब्राह्मण, पवळाबाई महार. कवीने जातीची बंधने झुगारली म्हणून त्याच्या धाडसाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, हे उचितच झाले. परंतु ज्या स्त्रीने रोज रात्री हजारो डोळ्यांसमोर उभे राहून त्या कवितेला देह दिला, तिच्या धाडसाचे मोजमाप त्या मानाने थोड्यांनीच केले.

पवळाबाईंनी उघडलेल्या त्या वाटेवर सर्वांत तेजस्वी पाऊल पडले ते विठाबाईंचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरी झाला. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला होता, आणि वडील भाऊ व चुलते बापू या बंधुद्वयाच्या नावाने तो मुलुखभर गाजत होता. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे त्यांचे गाव. पुढे या गावाला तमाशाची पंढरी म्हणू लागले, कारण हंगामाच्या तोंडी फडमालक तेथे आपल्या राहुट्या थाटतात, आणि दूरदूरच्या गावांचे पुढारी येऊन जत्रेसाठी सुपारी देतात. अशा घरी जन्मलेल्या मुलीची शाळा म्हणजे फड, तिचे अक्षर म्हणजे बोल आणि तिची परीक्षा म्हणजे समोर बसलेले पब्लिक. ज्या वयात इतर मुली भातुकली मांडतात त्या वयात विठाबाईंच्या पायांत चाळ आले, आणि औपचारिक शिक्षणाचा फारसा लाभ न होताच केवळ श्रवणाने, सरावाने आणि जन्मजात बुद्धीने त्यांनी गायन, नर्तन आणि अभिनय ही तिन्ही अंगे आत्मसात केली.

येथे मला एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. फडाच्या पाटीवर आपल्या नावात ‘मांग’ हा शब्द त्यांनी ठेवला. ज्या नावाचा उच्चार करताना गावातील प्रतिष्ठित माणसे आवाज खाली आणीत, ते नाव दिव्यांच्या झगमगाटात मोठ्या अक्षरांनी मिरविणे, आणि त्या नावाखाली त्याच प्रतिष्ठितांना तिकीट काढून रांगेत उभे करणे, यात जो आत्मसन्मान आहे तो मोठमोठ्या व्याख्यानांनीही सहसा साधत नाही. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदक लाभले. वेशीबाहेरच्या कनातीपासून दिल्लीच्या त्या दालनापर्यंतचे अंतर मैलांत मोजता येण्यासारखे नव्हते. ते त्यांनी आपल्या पायांनी, ढोलकीच्या तालावर तोडले.

त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग महाराष्ट्रात सर्वांत अधिक सांगितला जातो तो मी पुन्हा सांगतो, कारण तो केवळ ऐकून सोडून देण्याजोगा नाही. दिवस भरत आलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. खेळ रंगात असताना कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागे गेल्या, तेथे प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा खेळाला उभे राहण्याची सिद्धता केली. समोरच्या माणसांना प्रकार कळला तेव्हा त्यांनी हात जोडून खेळ थांबविला, असे सांगतात. या कथेचा उपयोग आपण आजवर विठाबाईंच्या धैर्याची थोरवी गाण्यासाठी केला. ती थोरवी निःसंशय आहे. तथापि त्या कथेत एक आरोपही दडलेला आहे. नऊ महिने भरलेल्या स्त्रीला त्या रात्री फडावर का उभे राहावे लागले? सुपारी घेतलेली असते, उचल दिलेली असते, गाडीभाडे, वादकांचा रोजमुरा आणि शेकडो पोटे एका नावावर अवलंबून असतात. ते नाव उभे राहिले नाही तर फड मोडतो. त्यांच्या असामान्यत्वाचे आपण कौतुक केले, आणि ते असामान्यत्व ज्या निरुपायातून जन्मले त्याच्याकडे मात्र पाठ फिरविली.

विठाबाईंचे चरित्र आठवताना माझे मन पुष्कळदा सातासमुद्रापलीकडे, पॅरिसच्या म्यूझिक हॉलकडे जाते. फोली बर्जेर, मुलाँ रूज, ओलिंपिया या नाट्यगृहांतून गाणे, नाच, विनोद आणि कसरत यांचा जो मिश्र खेळ चाले, त्याचे नाते आपल्या तमाशाशी जवळचे आहे. तोही सर्वसामान्यांचा करमणुकीचा दरबारच होता, आणि तेथील नायिकांवरही लोकांनी प्रेम केले आणि संभावितांनी नाके मुरडली. तेथील गायिका एदित पिआफ ही रस्त्यावर कसरती करणाऱ्या बापाची मुलगी, बालपणी त्याच्याबरोबर गावोगाव हिंडून गाणारी. १९६३ साली ती निवर्तली तेव्हा पॅरिसच्या धर्मपीठाने तिच्यासाठी धार्मिक अंत्यविधी करण्याचे नाकारले, आणि तिच्या अंत्ययात्रेला मात्र लक्षावधींचा जनसागर लोटला. धर्मपीठाने ज्याची मनाई केली ते रस्त्यावरच्या माणसाने आपल्या अश्रूंनी पुरे केले.

परंतु विठाबाईंच्या शेजारी मला उभी दिसते ती जोसेफिन बेकर. १९०६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे कृष्णवर्णीय दरिद्री कुटुंबात जन्मलेली आणि कोवळ्या वयातच गोऱ्यांच्या घरी राबलेली ही मुलगी १९२५ साली पॅरिसला आली, आणि तेथील रंगमंचावर पाऊल ठेवताच त्या शहराची लाडकी झाली. १९३७ साली तिने फ्रान्सचे नागरिकत्व पत्करले. महायुद्धात तिने गाण्याच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेले गुप्त संदेश सरहद्दीपार नेले, सैनिकांसमोर गाणी गाइली, आणि पुढे निरनिराळ्या वंशांची बारा मुले दत्तक घेऊन एका वाड्यात सांभाळली. त्या औदार्याने ती कर्जात बुडाली, वाडा गेला, आणि उतारवयात तिला पुन्हा रंगमंचावर उभे राहावे लागले. १९७५ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधील आपल्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा गौरव करणारा खेळ सुरू करून चारच दिवसांनी तिने देह ठेवला. ज्या पाँथेऑनमध्ये फ्रान्स आपल्या थोर पुरुषांना चिरविश्रांती देतो, तेथे २०२१ साली तिला स्थान मिळाले. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय.

विठाबाईंच्या वाट्याला कोणताही वाडा आला नाही. उत्तरायुष्यात आर्थिक विवंचनेने त्यांना ग्रासले, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा दोनदा राष्ट्रपतिपदक मिळविलेल्या या कलावतीच्या औषधोपचाराचे देणे दात्यांच्या वर्गणीतून भागवावे लागले. पुढे शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, आणि त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आपल्या फडासह आईचा वारसा समर्थपणे पुढे चालविला. पुरस्कार द्यावेत, अवश्य द्यावेत. परंतु नाव अमर करणे आणि माणूस जगविणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत, आणि पहिले पार पाडल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही. फ्रान्सनेही जोसेफिनला जिवंतपणी बेघर होऊ दिले. त्या राष्ट्राला मानाचे दार उघडावयास तिच्या मरणानंतर सेहेचाळीस वर्षे लागली. थोर राष्ट्रांनी केलेल्या विलंबाचे अनुकरण आपण करावे असे काही बंधन नाही.

म्हणून आमच्या चारठाण्यापुरते आणि चारठाण्यासारख्या शेकडो गावांपुरते माझे म्हणणे साधे आहे. आपण पूर्वजांच्या रंगशिळेचा अभिमान बाळगतो, देवालयांचे जतन व्हावे म्हणून सरकारदरबारी अर्जविनंत्या करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या शिळेवरची कला आज ज्या देहांतून जिवंत आहे ते देह अद्याप मालमोटारींतून गावोगाव हिंडत आहेत, उघड्या माळावर स्वयंपाक करीत आहेत, आणि हंगाम बुडाला की सावकाराच्या दारी जात आहेत. जत्रेला फड येईल तेव्हा गावाने त्याला राहावयास निवाऱ्याची जागा द्यावी, प्यावयास पाणी द्यावे, ठरलेली सुपारी खळखळ न करता पुरती चुकती करावी, आणि फडातील लेकीसुनांची अब्रू आपल्या घरच्या लेकीसुनांच्या अब्रूप्रमाणे राखावी. वृद्ध कलावंतांचे मानधन त्यांच्या हाती वेळेवर पडावे, आजारपणात त्यांना वर्गणीची वाट पाहावी लागू नये, एवढी व्यवस्था शासनाने करावी. आणि मुलांना इतिहास शिकविताना राजेरजवाड्यांच्या नावांबरोबर पवळाबाई आणि विठाबाई ही नावेही त्यांच्या कानी घालावीत. कलेवर प्रेम करणारा समाज कलावतीशी कसा वागतो, यावरच त्याच्या प्रेमाचा खरेपणा ठरतो.