मामूंच्या पत्र्याच्या खोलीत

वाशीमला येणारा पाहुणा बालाजीचं मंदिर बघतो, पद्मतीर्थ बघतो आणि हे गाव कधीकाळी वत्सगुल्म नावाने वाकाटकांची राजधानी होतं, हे ऐकून चकित होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हीही मुलांना हे सगळं दाखवलं. पण आमचं खरं काम मामूंच्या घरामागे होतं. त्यांचा फोन आला होता, "पत्र्याची खोली रिकामी करतोय. भंगारवाला जुम्यानंतर येईल. बघायचं असेल तर आधी या."

पोती बाजूला सारली तेव्हा चार यंत्रं दिसली. माणसाच्या उंचीच्या लाकडी पेट्या, वर टीव्हीची फुगीर काच, खाली दांडा आणि बटणं, गुडघ्याजवळ नाणं टाकायची फट. प्लायवूडला वाळवी लागलेली, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या.

१९९५च्या सुमारास बसस्टँडकडे मामूंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. एका रुपयात एक डाव. सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'वर. या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. एका अमेरिकी चित्रकथेवरून जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३मध्ये काढला. त्यातल्या चार नायकांपैकी एक मुस्तफा कैरो, पिवळ्या टोपीचा. आपल्याकडच्या पोरांनी अख्ख्या खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं. आमच्या वर्गातले गजानन आणि संतोषसुद्धा 'मुस्तफा मी घेणार' म्हणून भांडायचे. त्या वयात आम्हाला याचं किती अप्रूप वाटे, ते आता सांगूनही कुणाला कळायचं नाही.

अजान झाली की मामू बटण बंद करत. पाठीला दप्तर असलेल्या पोराला शाळेच्या वेळेत उंबऱ्यावरूनच परत पाठवत. एकदा अम्मींनी रॉकेलला दिलेले सात रुपये आम्ही तिथे उडवले. मामूंच्या ते लक्षात आलं, पण ते काही बोलले नाहीत. मगरिबनंतर स्वतःच रॉकेलचा डबा घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला दुकान बंद. "भाच्याच्या रॉकेलवर मला माझी चूल पेटवायची नाही," एवढंच म्हणाले.

आता पालकसभेत आम्ही मोबाईलवर तासभर बोलतो. पण मोबाईलच्या मागे मामू बसलेले नसतात, हे कुणाला कसं सांगणार?

पुढे घरच्या टीव्हीला जोडायचे गेम आले, मग सायबर कॅफे, मग फोन. दुकान गेलं, पेट्या खोलीत आल्या.

"अब्बा, एक तरी चालू करा ना," मुलगी म्हणाली. मामूंनी तिचा हात धरला. बंद पिक्चर ट्यूबमध्येही वीज साठून राहते, झटका बसतो. आम्ही म्हणालो, "मामू, भंगारवाल्याला ट्यूब फोडू देऊ नका. त्या काचेत शिसं असतं."

"त्याला तांबं हवं असतं बेटा. काचेचं तो काय करेल, कुणास ठाऊक."

खरं तर निदान एक पेटी तरी ठेवा, असं सांगायलाच आम्ही आलो होतो. पण खोली भाड्याने जाणार होती आणि त्या पैशांतून नातीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी भरायची होती. आमच्या दोन खोल्यांच्या घरात पेटी ठेवायला जागा कुठली? बेगम आमच्याकडे बघून नुसती हसली.

आम्ही जुम्याच्या आधीच्याच गाडीने निघालो.