पाम्पलोनाच्या फरशीतली पाटी



गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या बेळगावच्या गटाबरोबर मला स्पेनची यात्रा घडली. माझ्या वाट्याचे पैसे धाकट्या बहिणीने भरले. निघताना ती एवढेच म्हणाली, "तिथे दादासाठीही प्रार्थना कर." मी मान हलवली, पण मनातून नाही. वडिलार्जित घराच्या वाटणीवरून दादा आणि मी सहा वर्षे बोलत नव्हतो. एकाच देवळात मिस्सेला जायचो. तो उजवीकडच्या बाकांवर, मी डावीकडच्या. आणि दर रविवारी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना क्षमा शिकवत होतो.

यात्रेच्या चौथ्या दिवशी आम्ही उत्तर स्पेनमधल्या पाम्पलोनाला पोहोचलो. नवारा प्रांताची ही राजधानी. जुन्या शहराची सुमारे पाच किलोमीटर तटबंदी अजून उभी आहे. संत याकोबाच्या सान्तियागोला पायी जाणारे यात्रेकरू १५५३ साली बांधलेल्या फ्रान्स दरवाजातून आत येतात. आम्हीही तिथूनच शिरलो. पाठपिशवीला शिंपला बांधलेले, धुळीने माखलेले ते लोक पाहून मला नोव्हेंबरअखेर बेळगावहून जुन्या गोव्याला चालत निघणारी आपली माणसे आठवली.

कॅथेड्रलमध्ये राजा तिसरा कार्लोस आणि राणी लिओनोर यांची पांढऱ्या दगडात कोरलेली समाधी पाहिली. बाजूच्या ओवऱ्यांतली शांतता अजून मनात आहे. मग संत फर्मिनच्या सणात ज्या गल्ल्यांतून सकाळी आठला बैल धावतात, त्या गल्ल्या पाहिल्या. १५७१ पासून बांधलेला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला पाहिला. तिथे आता बाग आहे आणि मुले खेळतात.

दुपारी आम्ही संत इग्नेशिअसच्या देवळापाशी आलो. तिथे रस्त्याच्या फरशीत एक धातूची पाटी बसवली आहे. लोक तिच्यावरून चालत जातात. २० मे १५२१ रोजी इथेच इग्नेशिअस जखमी होऊन पडला. तेव्हा तो संत नव्हता, मानासाठी लढणारा सरदार होता. फ्रेंच सैन्यापुढे किल्ला सोडून द्यावा असे बाकीच्यांचे मत होते. लढायचे, हा हट्ट त्याचा. तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला आणि किल्ला पडला. पण पुढची गोष्ट मी वर्गात कधी नीट सांगितली नव्हती. ज्यांनी तोफ डागली, त्याच फ्रेंचांनी त्याच्या जखमा बांधल्या आणि त्याला डोलीतून लोयोलाला त्याच्या घरी पाठवले. तिथे अंथरुणात पडल्या पडल्या ख्रिस्तचरित्र वाचताना त्याचे मन पालटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पन्नासेक किलोमीटरवरच्या हावियेरला गेलो. आपल्या संत फ्रान्सिस झेवियरचे हे जन्मस्थान. वाड्यातल्या लहानशा कपेलात हसऱ्या ख्रिस्ताचा क्रूस आहे. क्रूसावर खिळलेला आणि तरीही ओठांवर हसू.

तिथे बाकावर बसल्यावर दोन्ही गोष्टी माझ्या मनात जुळल्या. १५१२ मध्ये कास्टीलने नवारा जिंकले. १५१६ मध्ये त्याच सत्तेच्या हुकमाने या वाड्याचे तट-बुरूज पाडले गेले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा होता, वडील वर्षभरापूर्वीच वारले होते. आणि १५२१ च्या लढाईत इग्नेशिअस कास्टीलच्या बाजूने किल्ला लढवत होता, तेव्हा फ्रान्सिसचे थोरले भाऊ मिगेल आणि हुआन समोरच्या बाजूला होते. म्हणजे घर पाडणाऱ्यांचा माणूस पुढे पॅरिसमध्ये फ्रान्सिसच्या खोलीत राहायला आला! फ्रान्सिसने त्याला बरेच दिवस दाद दिली नाही, यात नवल ते काय? तरीही १५३४ मध्ये दोघांनी एकत्र व्रत घेतले. १२ मार्च १६२२ रोजी दोघांना एकाच दिवशी संतपद मिळाले.

१५४२ मध्ये झेवियर गोव्याला आले. रस्त्यांतून घंटा वाजवत ते मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करत. आम्हा धर्मशिक्षकांचे ते गुरूच. पण त्या दिवशी मला आठवली ती वेगळीच गोष्ट. पूर्वेकडच्या बेटांवरून लिहिलेल्या पत्रात ते सोबत्यांना सांगतात की, तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या कापून मी त्या सतत जवळ बाळगतो. त्या सह्यांत इग्नेशिअसचीही होती.

माझ्याकडेही माझ्या भावाची सही आहे. वाटणीच्या कागदांवर, प्रत्येक पानाच्या खाली. सहा वर्षे मी ती फाईल कपाटात जपून ठेवली आहे.

मला रडू आले. वेदीकडे अर्पण घेऊन जाताना भावाची नाराजी आठवली, तर अर्पण ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशू सांगतो. मी किती मिस्सा ते ओलांडून गेलो होतो! बाहेरच्या दुकानातून हसऱ्या ख्रिस्ताचे एक कार्ड घेतले. काय लिहावे सुचेना. शेवटी लिहिले, "दादा, तुझ्यासाठी इथे प्रार्थना केली." खाली सही केली आणि टपालात टाकले.

उत्तर आले नाही. घरी परतल्यावर दोन आठवडे गेले. मग आईच्या वर्षाच्या मिस्सेनंतर मी धीर करून त्याच्या दारात गेलो. त्याने पाहिले आणि म्हणाला, "आलास? बस." आतून वहिनींनी चहा आणला. घरच्या अल्तारीवर, आईच्या फोटोच्या काचेत, ते कार्ड खोचलेले होते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादा म्हणाला, "तुझं अक्षर अजून तसंच वाकडं आहे."

घराचा वाद अजून मिटलेला नाही. त्यावर बोलणे सुरू आहे. पण रविवारी आम्ही एका बाकावर बसतो.

बंधुभगिनींनो, तुमच्याही कपाटात अशी एखादी फाईल असेल. या आठवड्यात जपमाळ करताना त्या सहीच्या माणसाचे नाव घ्या. समेट व्हायला वेळ लागेल, पण सुरुवात आपल्याकडून होऊ द्या.

हे प्रभो, आमच्या हट्टावर तुझा घाव बसू दे, आणि ज्यांना आम्ही परके केले त्यांच्या हातून आमच्या जखमा बांधून घे. आमेन.