एकच जंतू, दोन पोटे

माझे थोरले बंधू आणि वहिनी गेली तीस वर्षे एकाच चुलीवरचे जेवतात. तीच ज्वारीची भाकरी, तोच ठेचा, तेच बोअरचे पाणी. पण दादाच्या जठरात अल्सर झाला, शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले आणि रक्त चढवावे लागले. तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. पुढे वहिनींच्या पोटातही तोच निघाला. त्यांना मात्र कधी साधी जळजळही नाही! असे का व्हावे?

पूर्वी अल्सर म्हटले की तिखट आणि काळजी यांना दोष दिला जाई. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये हा जंतू वेगळा काढला. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जगातील जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना त्रास देत नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे लवकर उमगेल. कापसाचे जसे वाण, तसे या जंतूचेही. काही वाणांत 'कॅग-ए' नावाचे जनुक असते. त्यातून तयार होणारे प्रथिन जठराच्या पेशींत शिरून दाह वाढवते. पाश्चात्त्य देशांत असे वाण अल्सर आणि कर्करोगाशी अधिक जोडलेले आढळले. कोलकात्याच्या संशोधकांना मात्र हे जनुक अल्सरच्या रोग्यांत आणि निरोगी माणसांतही सर्रास दिसले. म्हणजे नुसते बियाणे पाहून भागत नाही. एकच बियाणे काळ्या जमिनीत वेगळे येते, बरड रानात वेगळे. शरीराची ठेवण, बिडी-सिगारेट, अंगदुखीच्या गोळ्या ही झाली जमीन. दादाला बिडीही होती आणि गुडघ्यासाठी रोजची गोळीही.

दोघांचे वाण एकच की वेगळे, हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही. म्हणून शेजाऱ्याला काही झाले नाही, यावर आपण निर्धास्त राहू नये. डॉक्टरांनी सहसा चौदा दिवसांची प्रतिजैविके दिलेली असतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडली, तर जंतू टिकतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. औषधे संपल्यावर महिनाभराने पुन्हा तपासणी हवीच.

वाचकहो, शौचास काळे होणे, रक्ताची उलटी, कारण नसता वजन उतरणे, यांपैकी काही दिसले तर सोड्याच्या पुडीवर दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.