पिवळे डोळे



मार्कच्या शुभवर्तमानातली रक्तस्रावाची स्त्री आपल्या सर्वांना ठाऊक आहे. इंदूरच्या वॉर्डात रुग्णांना भेटायला जाऊ लागल्यापासून मला चमत्कारापेक्षा तिची आधीची बारा वर्षंच जास्त आठवतात. वैद्यांकडे खेटे, जवळचं सगळं संपलेलं.

झाबुआ, अलिराजपूरकडून येणाऱ्या सिकलसेलच्या मुलांचं तसंच असतं. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते. यांची दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून काहींना वारंवार रक्त चढवावं लागतं. पेशी फुटत राहतात म्हणून डोळेही बऱ्याचदा पिवळसर.

घात होतो तो इथेच. यकृताला विषाणूचा संसर्ग झाला तरी डोळे पिवळेच दिसणार! आमच्या ओळखीच्या एका मुलीची आई म्हणायची, "हिचं नेहमीचंच आहे." भूक गेली, थकवा वाढला, गावात कावीळ उतरवणाऱ्याची माळ गळ्यात घालून झाली. शेवटी तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला.

"भैया, कोणाच्या रक्तातून आला?" आईनं मला विचारलं. ते कळायला मार्ग नव्हता. दूषित सुईतूनही हा रोग येतो.

दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी आपल्या देशात बंधनकारक आहे. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीतून निसटू शकतो. तिथे राखण करतं ते रक्तदात्याचं खरं उत्तर. आणि शिबिरात मी काय बघतो? रांगेत उभ्या-उभ्या सगळीकडे 'नाही'वर खूण. कावीळ? नाही. गोंदवून घेतलं? नाही. प्रमाणपत्र आणि बिस्किटांचा पुडा घेऊन घरी. मला तो फॉर्म पापकबुलीइतका गंभीर वाटतो. एकदा मंडळीतले एक काका सर्वांसमोर "मला हिपॅटायटिस बी होता" असं सांगून रांगेबाहेर आले. त्यांनी त्या दिवशी दिलं ते एका बाटलीपेक्षा कमी नव्हतं.

पूर्वी हिपॅटायटिस सीवर जी औषधं होती, त्यातलं एक स्वतःच लाल पेशी फोडायचं. सिकलसेलवाल्यांना ते कसं झेपणार? आताच्या गोळ्या बहुधा १२ आठवड्यांच्या असतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांत तपासणी व औषध मोफत मिळतं. सीवर लस नाही. बीवर आहे; तिचा पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांत द्यायचा असतो.

मुलीच्या गोळ्या संपल्या आहेत. विषाणू खरंच गेला का, हे आणखी १२ आठवड्यांनी पाहतात. तिची तारीख आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात येते. प्रार्थनेत आठवण ठेवा. नाव लिहीत नाही, प्रभूला ते ठाऊक आहे. तिच्या धाकट्या भावालाही सिकलसेल आहे. त्याचे बीच्या लसीचे डोस पूर्ण झालेत का, हे विचारायला त्याचं कार्ड घेऊन शनिवारी दवाखान्यात जायचं आहे.