जगबुडीनंतरचा हिशोब

मागच्या रविवारी जुनी हार्ड डिस्क साफ करायला घेतली. लग्नाचे फोटो, रेझ्युमेच्या सहा आवृत्त्या, कुठून कुठून उतरवलेली नाटकं, असा सगळा पसारा. त्यात एका फोल्डरमध्ये दोन एक्सेल फाइली शेजारी शेजारी सापडल्या. दोन्ही फेब्रुवारी २००९ च्या. एकीत पोलंडमधलं धान्य, दारू, काडतुसं आणि माणसं यांचा हिशोब. दुसरीत पुण्यातल्या माझ्या टीमचा. पहिलीबद्दल आधी सांगतो, म्हणजे दुसरीपर्यंत पोचता येईल.

२००८ च्या नोव्हेंबरात मी ऑनसाइट गेलो. गावाचं नाव नॉर्मल, राज्य इलिनॉय. हो, खरंच असं गाव आहे, आणि "सध्या कुठे असतोस?" "नॉर्मल." या विनोदाला पहिल्या आठवड्यात सगळे हसतात. नंतर बर्फ पडायला लागतं. बायको पुण्यात, रूममेट दिवसरात्र फोनवर, आणि गाडी नसलेल्या माणसाला त्या गावात शनिवारी करण्यासारखं काही नाही. क्लायंटकडे साठीचा एक मेनफ्रेमवाला होता. दाढी छातीपर्यंत, बोलणं मोजून मापून. एकदा जेवताना त्याने विचारलं, "शनिवारी संध्याकाळी काय करतोस?" मी म्हटलं, "कपडे धुतो." म्हणाला, "मग ये माझ्याकडे."

त्याच्या घराच्या तळघरात एक मोठं टेबल, पाच खुर्च्या, फाशांचा डबा आणि एक झिजलेलं खोकं. खोक्यावर नाव, 'ट्वायलाइट: २०००'. गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने १९८४ साली काढलेला खेळ. ही कंपनी १९७३ साली ह्याच नॉर्मलमध्ये सुरू झाली आणि १९९६ साली बंद पडली. खेळाचा मुख्य कर्ता फ्रँक चॅडविक. म्हणजे जगबुडीचा हिशोब मांडणारी मंडळी राहायची नॉर्मलमध्ये. असो.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात पट जिंकायचा नसतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने रेफरी व्हायचं. रेफरी सांगतो समोर काय दिसतंय, आपण सांगायचं आपण काय करतोय, आणि जिथे शंका असेल तिथे फासे. बाकी सगळं बोलण्यात. लहानपणी आपण अंगणात "मी शिवाजी, तू अफझलखान" खेळायचो ना, तेच. फक्त इथे कोण मेलं यावर भांडण होऊ नये म्हणून जाडजूड नियम आहेत.

गोष्ट अशी. तिसरं महायुद्ध झालंय. अणुबाँब पडलेत, पण एकदम सगळं जग संपलेलं नाही. ते हळूहळू बंद पडत आलंय. आधी वीज गेली, मग पेट्रोल, मग सरकारं. साल २०००, उन्हाळा. पोलंडमधल्या कालिश गावाजवळ अमेरिकेची एक डिव्हिजन मोडून पडते आणि वरून निरोप येतो की आता ज्याने त्याने आपलं बघावं. तुम्ही त्यातले चार-पाच शिपाई. घर अटलांटिकपलीकडे. झाँबी नाहीत, राक्षस नाहीत, एकही हीरो नाही. (खऱ्या इतिहासाने मात्र खेळाची पंचाईत केली. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, १९९१ साली सोव्हिएत युनियन संपलं, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये खेळाला आपला इतिहास पुन्हा लिहावा लागला. खऱ्या २००० सालाच्या तोंडावर आमचे सीनियर लोक तारखांचे दोन आकडे चार करत बसले होते.)

आता नियम. पात्र तयार करायलाच आमची अख्खी संध्याकाळ गेली. तुम्ही किती महिने लढाईत काढलेत ते ठरतं, आणि त्यावरून ठरतं की गोळीबार सुरू झाल्यावर तुमचं डोकं किती थंड राहतं. लढाईच्या प्रत्येक फेरीत काही क्षण माणूस नुसता गोठून बसतो. जितका अनुभवी, तितका कमी गोठतो. पण जितके महिने जास्त, तितका अंगात साठलेला किरणोत्सर्गही जास्त. गोळी लागली तर कुठे लागली याचा वेगळा फासा. हगवण, कॉलरा, टायफॉइड यांचे वेगळे नियम. दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग, आणि प्रत्येक भागात चालायचं, झोपायचं, अन्न शोधायचं की पहारा द्यायचा ते आधी सांगायचं. झोप चुकवली तर थकवा, थकव्याने पुढचे सगळे फासे वाईट.

आणि सगळ्यात भारी म्हणजे इंधन. पेट्रोल संपलेलं असल्यामुळे गाड्या दारूवर चालतात. खरोखरीच! ट्रकमध्ये हातभट्टी बाळगायची, वाटेत थांबून धान्य नाहीतर झाडपाला गोळा करायचा आणि गाळत बसायचं. लाकूड-पाल्याचं मिथेनॉल कुठेही निघतं, पण त्यावर गाडी कमी जाते. धान्याचं इथेनॉल चांगलं, पण धान्य म्हणजे जेवण. म्हणजे दर दिवशी प्रश्न एकच, हे पोतं माणसांनी खायचं की ट्रकने?

हे ऐकल्यावर सॉफ्टवेअरवाला काय करेल? मी लॅपटॉप उघडला. तिसऱ्या शनिवारी माझी शीट तयार होती. किलो, लिटर, किलोमीटर, दिवस. पिवळ्या रंगाचे मथळे, तुटवडा आला की सेल लाल. बाकीचे चौघे खूष. मला "क्वार्टरमास्टर" ही पदवी मिळाली. खरं सांगतो, त्या थंडीत तेवढी एक जागा होती जिथे माझी कोणाला तरी गरज होती.

टेबलावर पोलंडचा नकाशा पसरलेला असायचा. मी एकदा सहज म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पोलंडची माणसं राहून गेलीत. कोणाचा विश्वास बसेना. मग सांगितलं. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पोलंडमधून लाखो लोक सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकले. त्यातले वाचलेले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी होती, १९४३ ते ४८, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. माझी आजी शेजारच्या उचगावची. ती तेव्हा परकर-पोलक्यातली पोर. सांगायची, "त्या गोऱ्या बाया बाजारात मराठीत भाव करायच्या रे, आणि दारापुढं फुलझाडं लावायच्या." ज्यांचं जग बुडालं होतं त्यांनी फुलझाडं लावली, याचं आजीला मरेपर्यंत नवल होतं. रेफरीने सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या लोकांनी त्यांना जागा दिली?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "हो." त्याने मान हलवली आणि फासे उचलले.

फेब्रुवारीतला एक शनिवार. खेळात सप्टेंबर संपत आलेला, आम्हाला उत्तरेला समुद्राकडे सरकायचं होतं. टाकी जवळपास रिकामी. समोर एक गाव, वीस-पंचवीस घरं. त्यांच्याकडे राय होती, पण ती पेरणीसाठी राखलेली. गावचा प्रमुख पुढे आला. या खेळात अनोळखी माणसाचा स्वभाव पत्त्यांनी ठरतो. रेफरी साध्या पत्त्यांच्या जोडातून दोन पानं काढतो आणि स्वतःकडेच ठेवतो. किल्वर म्हणजे हिंसा, चौकट म्हणजे लोभ, इस्पिक म्हणजे सत्तेची हाव, बदाम म्हणजे माणुसकी. पान जितकं मोठं तितका तो गुण जास्त. त्याने दोन पानं ओढली, पाहिली, पालथी ठेवली.

आमच्यातला एक म्हणाला, बोलून बघू. मी शीट फिरवून दाखवली. बोलण्यात दोन दिवस जाणार, दोन दिवसांचं अन्न जाणार, आणि ते नाही म्हणाले तर थंडी गाठणार. धान्य आजच घेतलं तर नवव्या दिवशी समुद्र. आकड्यांपुढे कोण काय बोलणार? आम्ही बंदुका दाखवून पोती उचलली. एकही गोळी झाडली नाही. मला तर वाटलं, काय स्वच्छ काम झालं.

सोमवारी पुण्याहून मेल. मंदीचं वर्ष, तुम्हाला आठवत असेल. अकरा जणांच्या टीममधून दोन "रिसोर्स" गुरुवारपर्यंत सुचवायचे. मी शीट केली. रेटिंग, बिलिंग, युटिलायझेशन. पिवळे मथळे. सॉर्ट केलं आणि खालची दोन नावं निघाली. दुसऱ्या नावाचं युटिलायझेशन कमी होतं कारण तो आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला घेऊन जायचा. हे मला माहीत होतं. सुट्टी मीच मंजूर करत होतो. शीटमध्ये त्याचा रकाना नव्हता, आणि मी तो घातला नाही. वर एक फोन करून "याच्याऐवजी मला परत बोलवा, ऑनसाइटचा खर्च वाचेल" असं म्हणता आलं असतं. ऐकलं असतंच असं नाही. पण मी विचारलंच नाही. बुधवारीच मेल पाठवला, एक दिवस आधी.

शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांना निरोपाचा मेल लिहिला. त्यात माझे आभार मानले होते.

दोन शनिवारांनी खेळात आमच्या ट्रकचा अ‍ॅक्सल मोडला. फासा, दुसरं काय. एकाला टायफॉइड, खेळात नोव्हेंबर लागलेला. पायी मागे फिरलो आणि त्याच गावाशी आलो. गाव रिकामं होतं. चुली थंड. रेफरीने काही उपदेश केला नाही. ती दोन पानं त्याने खोक्यात जपून ठेवली होती, ती काढून टेबलावर सरळ केली. बदामाचा राजा आणि बदामाची नव्वी.

"हिवाळाभर ठेवून घेतलं असतं त्याने," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं नाहीत."

मी घरी चालत आलो. बर्फ होतं, लिफ्ट देतो म्हणाले तरी चालत आलो.

या खेळाला लोक नावं ठेवतात की फार किचकट आहे, नुसती आकडेमोड. मला वाटतं आकडेमोड हवीच. पोटात भूक नसलेल्या माणसाला औदार्य सोपं असतं. टाकीत किती लिटर उरलंय हे कळल्याशिवाय पोतं न उचलण्याची किंमत कळत नाही. मी फक्त शीटला जाब विचारायला विसरलो, आणि एकदा नाही, एका आठवड्यात दोनदा.

रविवारी त्या दोन फाइली बघून त्याला शोधलं. सापडला. बऱ्याच वेळा लिहून खोडून चार ओळी पाठवल्या, काय केलं होतं ते सरळ लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं. "आई २०१० मध्ये गेली. मला तेव्हाच अंदाज होता. तुम्ही कसे आहात?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

खेळाची नवी आवृत्ती एका स्वीडिश कंपनीने २०२१ साली काढली. नियम बरेच सुटसुटीत झालेत. भाच्याला हवी होती म्हणून घेतली, या शनिवारी तो मित्रांना घेऊन येतोय. नकाशा पोलंडचाच. हिशोब मीच ठेवणार, त्याला इलाज नाही. पण गाव लागलं की आधी थांबून विचारायचं, मग दोन दिवस गेले तरी चालतील.